वहीत टन लिहायचे की सेट? (व्यायामाचा व्हॉल्यूम मोजण्याबद्दल)

आडतवाला (लातूर), धागाकर्ता

आमच्या जिममधली निम्मी पोरं हल्ली मोबाईलमध्ये व्यायाम लिहून ठेवतात. चांगलंच आहे. पण सेशन संपलं की ॲप एक आकडा दाखवतं, "आज तुम्ही ९,४०० किलो उचलले", आणि लगेच त्याचा स्टेटस लागतो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचे ११ टन. तिसरा मग लेग प्रेसवर (पायांनी वजन ढकलायचं मशीन) ठाण मांडतो, १६ टनांवर जातो, आणि स्क्वॅटचा (खांद्यावर रॉड घेऊन बैठका) रॅक आठवडाभर रिकामा. मला रॅक मोकळा मिळतो ही सोय झाली, पण कोणता व्यायाम करायचा हे जर त्या आकड्यावरून ठरायला लागलं तर अवघड आहे. म्हणून हा धागा.

व्हॉल्यूम म्हणजे केलेलं एकूण काम. ते मोजायची जुनी रीत म्हणजे सेट गुणिले रेप गुणिले वजन. (वजन एकदा उचलून खाली आणलं की एक रेप, आणि न थांबता मारलेल्या रेपचा एक सेट.) यालाच टनेज म्हणतात. आता हे तीन बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून छातीवरून रॉड वर ढकलणं) बघा:

४० किलो, १५ रेप, ३ सेट = १,८०० किलो
६० किलो, १० रेप, ३ सेट = १,८०० किलो
९० किलो, २ रेप, १० सेट = १,८०० किलो

ज्याचा एका रेपचा कमाल बेंच १०० किलो आहे, त्याचा पहिल्या प्रकारात घामही निघणार नाही. दुसरा बरा. तिसऱ्यात सातव्या-आठव्या सेटला सपोर्टला माणूस उभा करावा लागेल. वहीत मात्र तिघांची बेरीज सारखीच.

व्यायाम बदलला की आणखी मजा. स्क्वॅट ८० किलो, पाच सेट पाच रेप, झाले २,००० किलो. लेग प्रेस १६० किलो, चार सेट बारा रेप, झाले ७,६८०. म्हणजे पायांना जवळपास चौपट व्यायाम मिळाला? ४५ अंशांच्या लेग प्रेसवर वजन उतरणीवर सरकतं, घर्षण सोडून दिलं तरी त्याचा साधारण ७० टक्केच भार पायांवर येतो. उलट स्क्वॅटमध्ये आपण स्वतःचं अंगही उचलतो, ते कुणी धरतच नाही.

मी काय करतो ते सांगतो. मार्केट यार्डात हिशेबाचं काम करतो, त्यामुळे सवय तीच. रोजमेळात व्यवहार झाला तसा क्रमाने उतरतो आणि नंतर खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जातो. व्यायामाच्या वहीतही तसंच. रोजच्या पानावर जे मारलं ते जसंच्या तसं, आणि रविवारी शेवटच्या पानावर खाती: छाती, पाठ, मांडी पुढून, मांडी मागून, खांदे, हात. खात्यावर किलो जात नाहीत, सेट जातात. तेही सगळे नाहीत. ज्या सेटच्या शेवटी आणखी फार तर तीन रेप निघाले असते, तेवढेच. वॉर्मअप बाद. बेंचचा सेट छातीच्या खात्यावर एक आणि ट्रायसेपच्या खात्यावर अर्धा. पुलअपचा पाठीवर एक, बायसेपवर अर्धा.

वही म्हणजे बियाणे कंपनीची फुकट मिळालेली डायरी. त्यात एक ओळ अशी असते:

बेंच ६० – १०, १०, ९, ८ (३, २, १, १)

कंसात त्या सेटनंतर किती शिल्लक होते ते. बस.

तुम्ही लोक काय मोजता? आणि मोजता का?

सळई (जालना)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. टनात बोलायचं तर जालन्याशी बोला, इथं सकाळी उठल्यापासून टनाचाच भाव चालतो.

तालीमवाला (परभणी)

पोरांनो, आमच्या वस्तादानं जन्मात वही धरली नाही. जोर किती अन् बैठका किती, एवढाच हिशेब. भिंतीवर कोळशाची रेघ मारायची, शंभराला एक. रेघा मोजल्या की संपलं. त्याच्यावर आमची पोरं जिल्ह्यात कुस्त्या मारून आली. तुमचं हे अर्धा सेट ह्याला, अर्धा सेट त्याला, भावकीच्या वाटण्या करालाव का व्यायाम?

अन् शिल्लक किती होते हे कुणाला कळतं हो? दम लागला की पोरगं म्हणतं, संपलं. वस्ताद म्हणतो, मार अजून वीस. अन् मारतंय की!

आडतवाला (लातूर)

वस्ताद, रागावू नका, तुमच्या रेघा म्हणजे व्हॉल्यूमच आहे. उलट एक हिशेब करून दाखवतो. साध्या पुशअपमध्ये हातांवर शरीराच्या सुमारे दोन तृतीयांश भार येतो. जोर मारताना भार पुढे-मागे फिरतो, तरी ढोबळ तेवढाच धरू. ७५ किलोच्या गड्याचा एक जोर म्हणजे ५० किलो. दोनशे जोर म्हणजे १० टन. आमच्या ॲपवाल्या पोरांचं अख्खं सेशन तुमच्या तालमीत सकाळी लंगोट बांधल्यावर पहिल्या अर्ध्या तासात संपतं.

पण मला सांगा, त्या दोनशेतले पहिले शंभर सराव झालेल्या पैलवानाला काही करतात का?

तालीमवाला (परभणी)

नाही करत. अंग गरम करतात. खरे शेवटचेच.

अन् एक राहिलं सांगायचं. कंबर पडली की वस्ताद मोजणं बंद करायचा. पोरगं मारत राहायचं, रेघ पडायची नाही. म्हणायचा, "हे तुझ्या आईला सांग, मला नको." तेव्हा लई राग यायचा.

आडतवाला (लातूर)

हेच तर! तुमचे वस्ताद मोजण्याजोगे रेपच मोजत होते. ॲपला कंबर दिसत नाही.

अर्धवट पॉवर (नांदेड)

आडतवाले, धागा छान, पण टनेजला एवढं झोडपू नका. मी पॉवरलिफ्टिंग करतो, म्हणजे स्क्वॅट, बेंच आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड उभं राहून उचलणं) यांत जास्तीत जास्त वजन मारायची स्पर्धा. मला छाती किती फुगली याच्याशी देणंघेणं नाही, मंचावर लिफ्ट पास की नापास सांगणारे पंचांचे तीन लाल-पांढरे दिवे असतात तेवढे बघायचे. स्नायूवार खाती माझ्या काय कामाची?

मी एकाच लिफ्टचं टनेज त्याच लिफ्टच्या मागच्या आठवड्याशी ताडतो. स्क्वॅटला स्क्वॅट, डेडलिफ्टला डेडलिफ्ट. आणि वजनाचे टप्पे पाडतो. हे नवीन नाही. सोव्हिएत वेटलिफ्टरांच्या नोंदींवरून प्रिलेपिन नावाच्या प्रशिक्षकाने तक्ता केला, तो आजही चालतो. कमाल वजनाच्या ७० ते ८० टक्क्यांवर काम असेल तर सेटला ३ ते ६ रेप आणि त्या दिवसाचे एकूण १८ च्या आसपास. ८० ते ९० टक्क्यांवर सेटला २ ते ४, एकूण १५ च्या आसपास. ९० च्या वर गेलात की एक-दोन रेपचे सेट आणि एकूण ४ ते १०, बास. तुमच्या वरच्या उदाहरणातल्या तिसऱ्या गड्याने ९० टक्क्यांवर एका दिवसात २० रेप मारले. या तक्त्याप्रमाणे तो दिवस वाया नाही, आठवडा वाया.

तक्ता वेटलिफ्टिंगचा आहे, स्नॅच आणि क्लीन अँड जर्कचा, म्हणजे रॉड डोक्यावर न्यायच्या दोन लिफ्टचा. तिथं वजन खाली आणताना सोडून देता येतं. स्क्वॅट-डेडलिफ्टला तो जसाच्या तसा लावू नये, मी थोडे कमीच धरतो. पण रीत बघा: एकूण किती उचललं याआधी किती जड उचललं हे विचारलंय.

जाता जाता: तुमच्या जिमचा रॉड खरंच २० किलोचा आहे का? कधी मोजलाय? ऑलिंपिक रॉड २० चा असतो, पण आपल्याकडच्या जिममध्ये जो सात फुटी रॉड असतो तो कुठल्या तरी फॅब्रिकेशनवाल्याने ओढलेला असतो. प्लेटवर ओतलेला आकडा तर देवाच्या भरवशावर.

फिजिओताई (छत्रपती संभाजीनगर)

दोघंही बरोबर आहात, कारण दोघांचं काम वेगळं आहे. त्यावर नेमका एक अभ्यास आहे. २०१९ साली ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी आधीपासून व्यायाम करणाऱ्या ३४ पुरुषांचे तीन गट केले. आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे. एका गटाने प्रत्येक व्यायामाचा एकच सेट केला, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने पाच. स्नायूंची वाढ सेट वाढले तशी जास्त दिसली. ताकद मात्र तिन्ही गटांची जवळपास सारखीच वाढली, आणि एक सेटवाल्यांचं सेशन सुमारे १३ मिनिटांत उरकत होतं. ज्यांना दुकान बंद करून नऊ वाजता जिमला यावं लागतं त्यांनी हा १३ चा आकडा लक्षात ठेवावा.

त्याआधी २०१७ मध्ये शोनफेल्ड, ऑगबोर्न आणि क्रीगर यांनी १५ अभ्यास एकत्र करून पाहिले होते. आठवड्याला एका स्नायूसाठी दहा किंवा जास्त सेट करणाऱ्यांची वाढ पाचपेक्षा कमी करणाऱ्यांपेक्षा चांगली होती. पण ही सरासरी आहे. नव्या माणसाला पाच-सहा सेटसुद्धा भरपूर होतात, त्याने पहिल्याच महिन्यात वीसवर उडी मारली तर तो माझ्याकडे येतो. फी द्यायला. :)

आणि तालीमवाले काका, वजन मोजून आठवड्याला वाढवत न्यायची जी पद्धत आज जिममध्ये चालते, तिचा मोठा भाग दवाखान्यातून आलाय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म नावाचे डॉक्टर होते. सैनिकांचे गुडघे ऑपरेशननंतर महिनोन् महिने कमजोर राहायचे. त्यांनी जड वजन लावून व्यायाम द्यायला सुरुवात केली आणि १९४५ मध्ये ते लिहून प्रसिद्ध केलं. तेव्हा ते एका वेळी ७० ते १०० रेप करून घेत. तीनच वर्षांनी, १९४८ मध्ये, वॉटकिन्स यांच्यासोबत त्यांनीच सांगितलं की एवढे लागत नाहीत, २० ते ३० पुरतात. दहा रेप जेमतेम निघतील असं वजन शोधायचं. पहिला सेट त्याच्या निम्म्याने, दुसरा पाऊणपटीने, तिसरा पूर्ण वजनाने. गुडघ्याच्या पेशंटना मी आजही जवळपास हेच देते. किती पुरे हा वाद तुमच्या धाग्यापेक्षा बराच जुना आहे.

राहिला प्रश्न "शिल्लक किती" हे कळण्याचा. काकांची शंका रास्त आहे. नवखा माणूस बहुतेक वेळा खूप आधी "संपलं" म्हणतो. सराव होतो तसा अंदाज जवळ येतो, आणि थकव्याच्या जवळ जाल तसा आणखी नेमका होतो. उपाय एकच: अधूनमधून एखाद्या सुरक्षित मशीनवर शेवटचा सेट खरोखर संपेपर्यंत मारायचा आणि आपण आधी काय अंदाज केला होता ते ताडायचं. स्क्वॅटवर हा प्रयोग करू नका.

भरतीवाला (बीड)

ताई, एक विचारायचं होतं. मी पोलीस भरतीची तयारी करालो. सकाळी ग्राउंड, संध्याकाळी जिम. १६०० मीटरला २० मार्क, १०० मीटरला १५, गोळ्याला १५. गोळा सुधारावा म्हणून जिम लावली. आडतवाल्या सरांसारखं मोजलं तर पायाचे आठवड्याला १८ सेट होतात. गोळा सुधारला पण १६०० चा टाइम वाढायलाय. पाय दगडासारखे जड. कामून होत असंल?

अन् आमच्या बॅचला नवीन पोरं येतात, त्यांना सर पहिल्याच दिवशी ५०० बैठका लावतात. म्हणतात पाय सुटतात.

फिजिओताई (छत्रपती संभाजीनगर)

आधी दुसरं उत्तर, कारण ते जास्त महत्त्वाचं. सराव नसलेल्या मुलाला एकदम पाचशे बैठका, तेही बीडच्या उन्हात, हे धोक्याचं आहे. स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि किडनीवर ताण येतो. रॅब्डोमायोलिसिस म्हणतात याला. एक-दोन दिवसांनी मांड्या प्रचंड सुजल्या, जिना उतरता येईना आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणून खायची नाही, त्यातल्या बऱ्याच गोळ्या किडनीला आणखी जड जातात. व्हॉल्यूम मोजायचं माझ्या दृष्टीने पहिलं कारण हेच: कालच्यापेक्षा आज किती उडी मारतोय ते दिसतं. तुमच्या सरांना हा परिच्छेद दाखवा. माझ्या नावाने शिव्या दिल्या तरी चालेल.

आता तुझं. धावणं सेटमध्ये मोजलं जात नाही म्हणून पायांना ते कळत नाही असं थोडंच आहे? आठवड्याला किती दिवस ग्राउंड, किती अंतर, आणि जिम कोणत्या दिवशी ते लिही. गोळ्यासाठी पायाचे १८ सेट कशाला? ७.२६० किलोचा गोळा जोरात फेकायचाय, मांड्या स्टेजवर दाखवायच्या नाहीत.

अर्धवट पॉवर (नांदेड)

भरतीवाल्या, तिला सगळं लिहून दे. आणि पायाचे कमी पण जड सेट मार. तीन-तीन, चार-चार रेप. वेग ठेवून. पंप (स्नायू फुगल्यासारखे वाटणं) मिळणार नाही, गोळा जाईल.

आडतवाला (लातूर)

नांदेडकर, तुमच्या प्रश्नाने झोप उडवली. काल बाजार उठल्यावर जिममालकाला विचारून सगळ्या प्लेट्स टेम्पोत टाकून दुकानात आणल्या. इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकेक ठेवली. हमाल मंडळी जमली, एक जण म्हणाला, "आज लोखंडाची आवक झाली का हो मुनीम?"

तर निकाल. २० लिहिलेली एक प्लेट १८.७ भरली, तिची जोडीदार २०.४. म्हणजे आम्ही बेंच मारताना एका बाजूला पावणेदोन किलो जास्त, आणि प्रत्येक जण म्हणणार डावा खांदा कमजोर आहे. १० च्या प्लेट्स त्यामानाने प्रामाणिक. ५ ची एक चक्क ५.६. सात फुटी रॉड १६ ला थोडा कमी. त्यामुळे आजवर ज्याने ज्याने "शंभर मारला" त्यांच्या पार्ट्या परत मागाव्या लागतील.

मालक आधी चिडला, मग त्यानेच पांढरा ऑइल पेंट आणून दिला. आता प्रत्येक प्लेटवर काट्याचं वजन लिहिलंय आणि जवळच्या वजनांच्या जोड्या लावल्यात. व्हॉल्यूमच्या दृष्टीने सांगायचं तर सेट मोजणाऱ्याला याचा फारसा फरक पडत नाही, कारण तीन रेप शिल्लक म्हणजे तीन रेप शिल्लक, प्लेट खोटी असली तरी. टक्क्यांवर चालणाऱ्याची मात्र पंचाईत आहे. जिम बदलली की त्याचा सगळा हिशेब हलतो.

अर्धवट पॉवर (नांदेड)

मान्य. माझा स्वतःचा रॉड आहे, मी तोच वापरतो. आता उद्या त्यालाही काट्यावर घालतो.

काळी माती (धाराशिव)

सगळं छान, पण तुमच्या आठवड्याच्या खात्यात सोयाबीनची काढणी कुठे बसते? दसऱ्याच्या आसपास तीन-चार आठवडे मला जिमचं तोंड दिसत नाही. मजूर मिळत नाहीत, घरचेच सगळे रानात. मळणी झाली की पोती उचलायची. ती कुठल्या खात्यावर टाकू? दरवर्षी दिवाळीनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं म्हणजे कंटाळा येतो.

फिजिओताई (छत्रपती संभाजीनगर)

पोती खात्यावर टाकू नका, नुसती शेरा म्हणून लिहा: "आज पोती". म्हणजे दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट का निघाला नाही ते कळेल.

आणि पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. २०११ मध्ये बिकल, क्रॉस आणि बॅमन यांनी लोकांना १६ आठवडे नीट व्यायाम करायला लावला, मग पुढचे ३२ आठवडे काहींचा व्यायाम एक तृतीयांश केला, काहींचा तर एक नवमांश. एक नवमांश म्हणजे आठवड्यातून एक दिवस, प्रत्येक व्यायामाचा एक सेट. वजन मात्र कमी केलं नाही. २० ते ३५ वयाच्या लोकांचे स्नायू तेवढ्यावरही टिकले. ६० ते ७५ वयाच्यांचा आकार मात्र तेवढ्यावर टिकला नाही, ताकद बरीचशी टिकली. तुम्ही तरुण असाल तर काढणीत आठवड्यातून एकदा, अर्धा तास, जड दोन-तीन व्यायाम. दिवाळीनंतर जवळपास तिथूनच पुढे. घरात वडील व्यायाम करत असतील तर त्यांचे सेट एवढे कापू नका.

गुलमंडी (छत्रपती संभाजीनगर)

रमजानमध्ये मी असंच करतो, फक्त कुणी कागद दाखवला नव्हता. वजन तेच, सेट निम्म्याच्या खाली, वेळ इफ्तारनंतर. रोजा असताना दुपारी जिममध्ये पुरुषार्थ दाखवणारे दोस्त आहेत माझे, दहाव्या रोजाला गायब होतात.

मे महिन्याचंही तेच. पत्र्याच्या शेडमधली जिम, बाहेर ४२, पंखा लोडशेडिंगवर. माझ्या वहीत मेमध्ये सगळ्या लिफ्ट खाली येतात आणि जूनचा पहिला पाऊस पडला की वर. आधी वाटायचं प्रोटीन कमी पडतंय. आता वरच्या कोपऱ्यात "ऊन" असं लिहितो आणि सेशन सकाळी सहाला हलवतो.

घरच्याघरी (हिंगोली)

मला जिम नाही. म्हणजे आहे, पण बायकांची वेळ दुपारी दोन ते चार, आणि मी शाळेत शिकवते. त्यामुळे घरी. पाच-पाच किलोचे दोन डंबेल आहेत आणि पाण्याचा जार. इथे सगळे शंभर किलोंच्या गप्पा मारतात म्हणून विचारायला लाज वाटत होती. पाच किलोवर माझे २५-२५ रेप होतात. ते सेट मोजायचे की नाही?

आडतवाला (लातूर)

लाज कसली ताई. शेवटी हात थांबतात का? थांबत असतील तर मोजायचे.

फिजिओताई (छत्रपती संभाजीनगर)

हो, मोजायचे. हलक्या वजनाने २५-३० रेप काढले आणि सेट शेवटपर्यंत नेला, तर स्नायूंची वाढ जड वजनाच्या तोडीची होते, यावर बरेच अभ्यास आहेत. कमाल ताकद मात्र जड वजनानेच जास्त वाढते. गैरसोय एवढीच की २५ रेपच्या सेटमध्ये श्वास आधी संपतो आणि आपल्याला वाटतं स्नायू संपला. सेटनंतर विश्रांती जास्त घ्या.

आणि तुमचा २० लिटरचा जार हे उत्तम वजन आहे. लिटरला एक किलो, त्यामुळे काट्याची गरज नाही. निम्मा भरलात तर दहा. छातीशी धरून बैठका, एका पायावर पुढे वाकणं, खांद्यावर धरून चालणं. पाणी हलतं म्हणून पोटाला जास्त काम पडतं. जारचं झाकण मात्र घट्ट लावा.

घरच्याघरी (हिंगोली)

झाकणाचा अनुभव घेऊन झालाय. :) जारवाला म्हणाला, मॅडम एक जार रोज कुठे जातो?

धागा वाचनखूण म्हणून साठवलाय.

तालीमवाला (परभणी)

जार चांगला. आमच्याकडं हौद्यातली माती उकरायची, तेच खांद्याचं काम. ते पण खात्यावर टाका म्हणावं मुनीमला.

आमच्या तालमीत आता पोरं आठ-दहाच राहिली. काल एकाला वही घेऊन दिली. म्हणलं लिही, अन् कंबर पडली तर लिहू नको.

भरतीवाला (बीड)

ताई, मागितलेलं लिहितो.

सोम: सकाळी १६०० चे दोन राउंड. संध्याकाळी स्क्वॅट ५ सेट, लेग प्रेस ४.
मंगळ: १०० चे ८ स्प्रिंट. संध्याकाळी बेंच, खांदे.
बुध: ५ किमी सावकाश. गोळा.
गुरु: सकाळी १६०० टाइम लावून. संध्याकाळी स्क्वॅट ५, लंजेस (एक पाय पुढं टाकून बैठक) ४.
शुक्र: पाठ, हात.
शनि: स्प्रिंट अन् गोळा.
रवि: सुट्टी, पण पोरं हिल रनला नेतात.

फिजिओताई (छत्रपती संभाजीनगर)

यात सुट्टीच नाही, रविवार पण डोंगर चढतोयस.

लेग प्रेस आणि लंजेस दोन्ही काढ. राहिले १० सेट. गुरुवारचा स्क्वॅट पण काढ, सकाळी टाइम लावून पळतोस त्याच दिवशी नको. सोमवारचे स्क्वॅट मंगळवारी संध्याकाळी आण, स्प्रिंटच्याच दिवशी, म्हणजे जड दिवस एकत्र येतील आणि हलके दिवस खरंच हलके राहतील. ४ सेट, ४ रेप, दोन शिल्लक ठेवून. शनिवारी स्प्रिंटनंतर ३ सेट तसेच. एकूण ७. बेंच आणि खांदे सोमवारी जातील. रविवारी पोरांना सांग पाय मुरगळलाय.

तीन आठवडे असं कर आणि दर गुरुवारचा १६०० चा टाइम इथेच टाक. सेटचा आकडा नको, टाइमच टाक.

भरतीवाला (बीड)

हाव ताई. शनिवारी स्प्रिंट आधी का गोळा आधी?

अर्धवट पॉवर (नांदेड)

गोळा आधी, ताजा असताना. मग स्प्रिंट. स्क्वॅट शेवटी, संध्याकाळी.